कशासाठी जायचं? धारावी बेटावरच्या सायकल सहलीविषयी

(वस्त्यांमधील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळपासून आपण पोटगीचे खटले, रेशन कार्डावरची नावं, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची अंमलबजावणी या विषयांवर बोललो. आता मला एका सहलीविषयी बोलायचं आहे. जेवणानंतरचा हलकाफुलका विषय म्हणून तो इथे ठेवलेला दिसतो. पण गेल्या दहा वर्षांत वस्तीतल्या बायकांच्या ज्या कार्यक्रमाला सर्वांत जास्त विरोध झाला, तो हाच. मोर्चाला झाला नाही इतका झाला. म्हणून तो हलका विषय आहे असं मला वाटत नाही.

सहल साधीच होती. आम्ही अकराजणी, एक शनिवार-रविवार, सायकलवर धारावी बेट. धारावी म्हटलं की सगळ्यांना झोपडपट्टी आठवते. हे बेट वेगळं. मालाडच्या पश्चिमेला मार्वेच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे मनोरी दिसतं. तिथपासून उत्तरेला गोराई, मग उत्तन, पाली, चौक, तारोडी, डोंगरी अशी गावं आहेत. एका बाजूला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि पूर्वेला खाडी नि खारफुटी. भाईंदरकडून रस्ता आहे, पण मुंबईकडून जायचं तर पाणी ओलांडावं लागतं. मनोरी, गोराई मुंबई महापालिकेत येतात, उत्तनकडची गावं मीरा-भाईंदर महापालिकेत. आपल्यापैकी कितीतरी जणींनी मालाड-बोरिवलीत आयुष्य काढलं, पण खाडीपलीकडे पाऊल टाकलेलं नाही.

आमच्या गटात चौघी घरकाम करणाऱ्या, दोघी शिवणकाम करणाऱ्या, एक अंगणवाडी मदतनीस, दोन कॉलेजच्या मुली, एक भाजी विकणारी आणि मी. सर्वांत लहान एकोणीस वर्षांची, सर्वांत मोठी बावन्न. अकरापैकी सहाजणींना सायकल येत नव्हती. पालिकेच्या मैदानावर सकाळी सहा ते सात असे दोन महिने शिकलो. भाड्याच्या सायकली, बहुतेक पुरुषी, दांडीच्या. साडी नेसून दांडीवरून पाय टाकणं अवघड, म्हणून तिघी पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस घालून घराबाहेर पडल्या. त्यातल्या एकीच्या घरी यावरून आठवडाभर भांडण चाललं. सायकल अजून लांबच होती.

आणि मग परवानगीचा प्रश्न आला. याच बायका गेल्या वर्षी कायद्याच्या प्रशिक्षणाला दोन दिवस पुण्याला राहून आल्या होत्या. तेव्हा कुणाच्या घरी फारसं विचारलं गेलं नाही. आरोग्य शिबिर, बचत गटाचा मेळावा, देवदर्शन यांनाही जाता येतं. या वेळी मात्र घरोघरी एकच प्रश्न विचारला गेला: "कशासाठी?" काही शिकायला नाही, काही आणायला नाही, नवसाचं नाही, नातेवाइकांकडे नाही, मग कशासाठी? बायकांनी सांगितलं, "फिरायला." यावर नवरे रागावलेच, पण सासवा जास्त रागावल्या. एक सासू म्हणाली, "मी जन्मात अशी कुठं गेले नाही." ते खरं होतं. तिच्या रागात तिचंही न झालेलं फिरणं होतं, हे आम्हाला नंतर गटचर्चेत उमगलं.

एका देणगीदार संस्थेकडे आम्ही सायकलींच्या भाड्यासाठी थोडी मदत मागितली होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी चांगल्या मनानेच सुचवलं, की अर्जात 'पर्यावरण अभ्यासदौरा' असं लिहा, मंजूर होईल. आमच्या बैठकीत यावर दोन तास वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, पैसे मिळत असतील तर नावात काय आहे? पण भाजी विकणारी आमची मैत्रीण म्हणाली, "घरी पण खोटं कारण सांगा आणि इथं पण. मग आपलं खरं कधी सांगायचं?" आम्ही अर्ज मागे घेतला आणि दर आठवड्याला वीस-वीस रुपये बाजूला टाकून भाडं जमवलं.

ही 'कशासाठी'ची गाठ घराघरापुरती नाही, म्हणून सायकलच्या इतिहासाकडे थोडं वळते.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकलला मोहिमेचा भाग केलं. बायका शेतमाल नेऊ लागल्या, पाणी आणू लागल्या, पुढच्या दांडीवर मूल बसवून कामावर जाऊ लागल्या. बिहारमध्ये 2006 पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात दिसलं की त्यामुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं. ही मोठीच कामगिरी आहे. पण दोन्हीकडे सायकल बाईच्या हाती आली ती कारण घेऊन: शाळा, पाणी, बाजार, काम. मुलगा मात्र दहाव्या वर्षी सायकलवर टांग टाकून गावभर हुंदडतो, त्याला कुणी योजना विचारत नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या स्त्रियांच्या वावराचा अभ्यास करून 2011 मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की शहरात बाईला सतत दाखवावं लागतं की ती कुठून तरी कुठे तरी कामाने चालली आहे. हातात पिशवी, कानाला फोन, पावलं भराभर. उगाच थांबलेली बाई संशयास्पद ठरते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं, की बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी तुम्हाला एकटीने जाऊ देतात का? 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या 42 टक्के. बाजार आणि दवाखाना या तर गरजेच्या जागा. समुद्रावर जाऊ देतात का, हा प्रश्न त्या यादीत नव्हताच.

शिवाय वेळ कुठून आणायचा? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं. म्हणजे बायकांचे रोजचे पावणेपाच तास. आमच्या अकराजणींनी दोन दिवस जायचं म्हणजे घरोघरचे हे तास कुणीतरी उचलायला हवे होते. दोघींच्या घरी नवऱ्यांनी उचलले. बाकीच्यांनी शुक्रवारी रात्री जागून दोन दिवसांचं करून ठेवलं. सहल शनिवारी सुरू झाली असं आपण म्हणतो, पण बायकांच्या अंगाला ती शुक्रवारीच लागली होती.

निघायच्या दिवशी एक मैत्रीण आलीच नाही. रात्री नवऱ्याने सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा काढून टाकली होती. पंप आमच्याकडे होता, हवा भरता आली असती. पण ती म्हणाली, "आज गेले तर परत आल्यावर काय होईल ते मला माहीत आहे. तुम्ही जा." तिची जागा ऐनवेळी तिच्या नणंदेने घेतली, हेही सांगायला हवं.

पहाटे मालाडहून मार्वेला गेलो. फेरीबोटीत मोटारसायकली, टोपल्या, शाळेचे मास्तर आणि आमच्या सायकली. काही मिनिटांत पलीकडे. मनोरीत उतरल्यावर रस्ता अरुंद, दोन्हीकडे ताडामाडाची झाडं, मध्येच जुनी कौलारू घरं, दारात क्रूस. कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आगरी अशी ही वस्ती. त्यांची मराठी कानाला वेगळी लागते पण कळते. पहिला तासभर आमच्यापैकी कुणी बोललं नाही. मागून गाडी आली की सगळ्या उतरून उभ्या राहायच्या. गोराईच्या पुढे एक उतार लागला. तिथे आमची बावन्न वर्षांची मैत्रीण ब्रेक न दाबता सुटली आणि खाली थांबून मोठ्याने हसत राहिली. मग सगळ्याच सुटल्या. याहून जास्त त्या उताराविषयी मला काही सांगता येणार नाही. ज्यांनी वाऱ्यात केस सोडलेत त्यांना ते माहीत आहे.

गोराईच्या किनाऱ्यावर मात्र आमचा उत्साह उतरला. शनिवार असल्यामुळे शहरातून पुरुषांचे घोळके आलेले, दारूच्या बाटल्या, शेरेबाजी. बायकांसाठी स्वच्छतागृह जवळपास दिसेना. समुद्र सर्वांचा असं आपण म्हणतो, पण तो आधी कुणाच्या सोयीचा आहे हे तिथे लगेच कळतं. आम्ही उठून गेलो नाही. गोल करून बसलो, डबे उघडले, गाणी म्हटली. तासाभराने शेजारी आणखी एक कुटुंब येऊन बसलं, मग कॉलेजच्या चार मुली. बायका असल्या की बायका येतात, हा सुरक्षिततेचा एक साधा नियम आहे. पोलिसांच्या गस्तीइतकाच तो महत्त्वाचा आहे.

रात्र गावातल्या एका घरी पैसे देऊन काढली. दुसऱ्या दिवशी उत्तनला गेलो. तिथे बांबूच्या उंच मांडणीवर बोंबील सुकत घातले होते, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टाकलेले. हे काम बायका करतात. होडी पुरुषांची, पण मासा किनाऱ्याला लागल्यानंतर निवडणं, सुकवणं, विकणं हे बहुतेक बाईचं. उन्हात बसलेल्या एका मावशींनी आम्हाला तोच प्रश्न विचारला: "कशाला आल्या गं?" आम्ही म्हटलं, फिरायला. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरंय तुमचं. मी हितंच जन्मले, पण किल्ल्यावर शेवटची गेले लग्नाच्या आधी."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. किल्ला म्हणजे चौकजवळच्या टेकडीवरचा धारावीचा किल्ला. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली त्या मोहिमेत इथेही लढाई झाली. मावशींच्या घरापासून तो पायी जाण्याच्या अंतरावर. आम्ही शहरातून बेट बघायला आलो आणि बेटावरच्या बाईला तिचं बेट बघायला सवड नाही. काही कार्यकर्त्या म्हणतील, म्हणूनच सहल ही मध्यमवर्गीय चैन आहे. मला याचा अर्थ उलटा दिसतो. ज्यांना कामातून उसंत नाही त्यांच्यासाठीच ही मागणी आधी करायला हवी. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले, ही कामगार चळवळीची जुनी मागणी होती. तिसऱ्या आठ तासांचं बाईच्या बाबतीत काय झालं, हे आपण कधी विचारलं?

त्या गावांचे स्वतःचे प्रश्नही आहेत. मोठं रुग्णालय म्हटलं की खाडीपलीकडे जायचं. रात्री फेरीबोट नसली तर भाईंदरवरून वळसा. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईसाठी तो वळसा किती लांबचा असेल ते सांगायला नको. पर्यटनाच्या मोठ्या प्रकल्पाचा प्रस्ताव 2006-07 च्या सुमारास आला तेव्हा गावांनी जमिनीसाठी विरोध केला होता. बघायला जाणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं. किनाऱ्यावर कचरा टाकू नये, सुकत घातलेल्या मासळीजवळ नाक मुरडू नये. ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे.

ज्या मंडळांना अशी सहल काढायची आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. फेरीबोटीची शेवटची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. पंक्चरचं सामान, पाना आणि पंप दोघींकडे असू द्या, आणि पंक्चर काढायला आधी शिका. स्वच्छतागृहांची माहिती काढूनच रस्ता ठरवा. पाळी आलेल्या मैत्रिणीला मागे ठेवू नका, मुक्काम जवळचा करा. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालवणारीचा.

परत आल्यावर क्रांती झाली असं मी सांगणार नाही. घरकाम करणारी एक मैत्रीण आता सायकलवर कामाला जाते, तिचे रिक्षाचे पैसे वाचतात. एकीला घरातून पुन्हा बंदी झाली. चाकातली हवा काढलेल्या मैत्रिणीने पुढच्याच आठवड्यात समुपदेशन केंद्रात येऊन पहिल्यांदा नवऱ्याच्या मारहाणीविषयी तोंड उघडलं. आम्ही दोन वर्षं तिच्या घरी जात होतो, तिने कधी काही सांगितलं नव्हतं. फिरायला जाण्याची बंदी आणि मारहाण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. कोण बाहेर पडू शकत नाही हे सहलीमुळे आम्हाला दिसलं.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या प्रत्येक मंडळाच्या वार्षिक आराखड्यात दोन दिवस असे ठेवा, ज्यांना विषय नाही, प्रशिक्षक नाही, अहवाल नाही. त्यांना अभ्यासदौरा म्हणू नका. कुणी विचारलं कशासाठी, तर सांगा, फिरायला. हे उत्तर घरात, बैठकीत, देणगीदारांसमोर न अडखळता देता येईपर्यंत त्याचा सराव करावा लागेल. चर्चेची सुरुवात मी एका प्रश्नाने करते: तुमच्यापैकी कितीजणी या वर्षात एकदा तरी, काही काम नसताना, घराबाहेर पडल्या? हात वर करा.