शून्य मैलाच्या गावातून



नागपूरच्या विधानभवनाजवळील 'झिरो माईल'चा स्तंभ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. देशाचा मध्यबिंदू तो हाच, असे लहानपणापासून प्रत्येकाने ऐकलेले असते. परंतु त्या स्तंभाशेजारी १९०७ सालचा तलचिन्हाचा एक दगड आहे, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट उंच असल्याची नोंद तेथे आहे. शेकडो मैलांवरील किनाऱ्यापासून टप्प्याटप्प्याने मोजत ही उंची येथवर आणली गेली. आज भू-स्थानिक अभियांत्रिकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राचे बीज त्या दगडात आहे.

विदर्भाचा या शास्त्राशी आणखीही एक संबंध आहे. १८०२ च्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटन याने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. हे काम उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. परकीय सत्तेला हा देश मोजायचा होता तो महसुलासाठी आणि सैन्याच्या हालचालींसाठी. तथापि त्यातील गणिताची बाजू भारतीय बुद्धीनेही समर्थपणे पेलली. 'पंधरावे शिखर' जगात सर्वोच्च असल्याचा निष्कर्ष १८५२ साली राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून निघाला. शिखराला नाव मात्र जॉर्ज एव्हरेस्टचे मिळाले.

आज हे शास्त्र चार खांबांवर उभे आहे. पृथ्वीचा आकार व स्थाने निश्चित करणारे भूगणित, उपग्रहांच्या नोंदींवरून भूपृष्ठ अभ्यासणारे सुदूर संवेदन, छायाचित्रांवरून मोजमाप करणारी प्रतिमामिती आणि ही सर्व माहिती एकत्र जोडणारी भौगोलिक माहिती प्रणाली. केवळ संगणकावर नकाशे रंगविण्याची ही विद्या नव्हे. एकच उदाहरण पुरेसे आहे. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणानुसार वाहते. या दोन उंचींतील फरक भारतात अनेक ठिकाणी ५० मीटरहून अधिक आहे, आणि तो जागोजाग बदलतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याने आखलेल्या कालव्यात पाणी वाहीलच, याची शाश्वती नाही.

या विद्येचा सामान्य माणसाशी संबंध काय? इंग्रजी अमदानीत शेतजमिनीची मोजणी झाली आणि पुढे सातबारा घरोघरी पोहोचला. गावठाणातील घरे मात्र बहुतांशी मोजणीबाहेरच राहिली. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे, पण नकाशावर त्याची खूण नाही. वीतभर जागेवरून सख्ख्या भावांत दावे चालतात, आणि घर तारण ठेवून कर्ज घ्यावे, तर मालकीचा कागद नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे अशा गावांची मोजणी होऊ लागली. आधी चुन्याने हद्दी आखायच्या, मग वरून छायाचित्रे घ्यायची, अशी तिची पद्धत. पण वरून दिसते ती छपराची कड. तिच्याखालची भिंत दिसत नाही. म्हणून कुणीतरी त्या अंगणात उभे राहून, दोन्ही शेजाऱ्यांसमक्ष नकाशा पडताळावाच लागतो. रेषा हातभर सरकली, तर एखाद्या विधवेचे अंगण कागदावरून नाहीसे होऊ शकते. या शास्त्रात अचूकता हा केवळ गुणांचा प्रश्न नाही, तो न्यायाचा प्रश्न आहे.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या गिंडी येथील महाविद्यालयाचे मूळच १७९४ च्या सर्वेक्षण शाळेत आहे; तेथे भू-माहितीशास्त्राची अभियांत्रिकी पदवी मिळते. स्थापत्य अभियांत्रिकीनंतर रूरकी, कानपूर वा मुंबईच्या आयआयटीत उच्च शिक्षण घेता येते. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून हे कार्य करीत आहे. 'गेट' परीक्षेतही २०२२ पासून या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे.

आणि कार्यक्षेत्र? ते तर नागपूरच्या दारात आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, इस्रोचे प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या संस्था याच शहरात आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉईल यांची मुख्यालयेही येथेच. खाणीतील उपशाचे मोजमाप, महामार्गाची आखणी, जंगलातील वणव्यांचा माग, पिकांचा अंदाज, महापालिकेची जलवाहिनी, संरक्षण दलांचे नकाशे अशा सर्वत्र या अभियंत्याची गरज भासते. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांवरील पूर्वपरवानगीची बहुतेक बंधने दूर केली आणि २०२२ च्या राष्ट्रीय धोरणाने या क्षेत्रास दिशा दिली.

तरीही पालकांनी डोळे उघडे ठेवावेत. प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पदवीला मान्यता आहे काय? ज्या शासकीय पदांची आशा आहे, त्यांच्या जाहिरातीत ती पदवी ग्राह्य धरली जाते काय? आणि अभ्यासक्रमात उन्हातान्हातले क्षेत्रकार्य किती आहे? केवळ पडद्यावर रेषा गिरविण्याची कामे तुटपुंज्या वेतनाची व कंत्राटी असतात, आणि आता तीही यंत्रेच करू लागली आहेत. गणित, संगणकाची आज्ञावली आणि आपल्या भूमी अभिलेखांची भाषा या तिन्हींवर ज्याचे प्रभुत्व, त्याला मात्र कामाची वाण पडणार नाही.

मातृभूमीला वंदन करणारे हात पुष्कळ असतात. ती भूमी प्रामाणिकपणे मोजणारे हातही तितकेच हवेत. पुढल्या वेळी 'झिरो माईल'वरून जाताना क्षणभर थांबावे आणि स्तंभाशेजारचा तो दगड एकदा पाहावा. शून्यापासून मोजणीला प्रारंभ करण्याचा मान ज्या नगरीला मिळाला, तेथील तरुणांना ही वाट परकी वाटण्याचे कारण नाही.