दोन धर्मांची एक गुहा : लाम्पेदूसा बेटाचा सण



आज मी भूमध्य समुद्रातल्या एका छोट्या बेटाच्या सणाबद्दल बोलणार आहे. बेटाचं नाव लाम्पेदूसा. क्षेत्रफळ जेमतेम वीस चौरस किलोमीटर, वस्ती सहा हजारांच्या आसपास. बेट इटलीचं आहे, पण तिथून सिसिलीपेक्षा ट्युनिशियाचा किनारा जवळ पडतो. लोकांचा जुना धंदा मासेमारीचा. दरवर्षी २२ सप्टेंबरला ते आपल्या रक्षणकर्तीचा सण साजरा करतात. तिचं नाव ‘मादोन्ना दी पोर्तो साल्वो’, म्हणजे सुखरूप बंदराची माता मरियम. तिची मूर्ती गावातून मिरवणुकीने नेतात.

ही तारीख १८४३ सालची आहे. नेपल्सचा राजा दुसरा फर्डिनांड याने ओसाड पडलेल्या या बेटावर वस्ती करायचं ठरवलं. बर्नार्दो सानविसेन्ते नावाचा नौदल अधिकारी लोकांना घेऊन २२ सप्टेंबरला तिथे उतरला. तेव्हा सण म्हणजे एका अर्थाने गावाचा वाढदिवस. पण मरियमचं ते ठाणं गावापेक्षा कितीतरी जुनं आहे, आणि मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

वस्ती होण्याआधी कित्येक शतकं तिथे एक गुहा होती. तिच्यात एकीकडे मरियमची प्रतिमा, तर दुसरीकडे एका मुस्लिम वलीची कबर. आपल्याकडच्या दर्ग्यांवर कोण कोण येतं हे आपण पाहतोच, त्यामुळे आपल्याला याचं फारसं नवल वाटणार नाही. शिवाय हजरत मरियम आपल्यालाही परक्या नाहीत. कुराणात त्यांच्या नावाची सूरह आहे.

पण या गुहेत पूजा आणि फातेहा यांच्यापलीकडे आणखी काहीतरी चालायचं. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी थेव्हेनो याने त्याची नोंद केली आहे. बेटावर थांबणारं प्रत्येक जहाज गुहेत काहीतरी ठेवून जायचं. बिस्किटं, तेल, चीज, पैसे, अगदी बंदुकीची दारूसुद्धा. ज्याला गरज असेल त्याने ती वस्तू घ्यायची आणि तिच्या जागी पैसे किंवा दुसरं काही ठेवायचं. ख्रिश्चन खलाशी हा नियम पाळायचे, तसाच मुस्लिम खलाशीही. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला माणूस असो की मालकाच्या तावडीतून पळालेला गुलाम, त्याला तिथे जगण्यापुरतं मिळायचं. मोबदला न ठेवता वस्तू उचलली तर जहाज बंदरातून बाहेरच पडत नाही, अशी पक्की समजूत होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी व्यवस्था दिसली की ती कशावर चालते हे आधी शोधायची आम्हाला सवय असते. इथे पहारेकरी नव्हता, हिशेबाची वही नव्हती. घेणारा कोण हे ठेवणाऱ्याला कधीच कळणार नव्हतं. तरी ती चालली.

आता, ही माणसं फार प्रेमळ होती असं समजू नका. त्या काळात हेच दर्यावर्दी एकमेकांची जहाजं लुटत होते, माणसं पकडून विकत होते. अल्जियर्स, ट्युनिस, त्रिपोलीला ख्रिश्चन गुलाम विकले जायचे, तसेच माल्टा आणि लिव्होर्नोला मुस्लिम गुलाम. कोणाचेच हात स्वच्छ नव्हते. बेटावरच्या एका फकिराची गोष्ट सांगतात. ख्रिश्चन जहाज दिसलं की तो मरियमपुढे दिवा लावायचा आणि मुस्लिम जहाज दिसलं की वलीच्या कबरीवर. लोक त्याला दुटप्पी म्हणून हसले.

तरीही शत्रूच्या हाती पडेल हे माहीत असून खलाशी गुहेत बिस्किटं ठेवत राहिले. कारण समुद्राची भीती दोघांनाही होती. आज आपण ठेवणारे आहोत, उद्या शोधत येणारे असू, हे त्यांना कळत होतं. सलोखा म्हणजे आधी मनं जुळायला हवीत, असं आपण धरून चालतो. इथे मनं जुळलेली नव्हती, पण नियम जुळलेला होता आणि त्याने माणसं वाचत होती.

आता आपल्या काळाकडे या. ऑगस्ट २००७ मध्ये सात ट्युनिशियन मच्छीमारांनी बुडणाऱ्या ४४ जणांना वाचवून लाम्पेदूसाला आणलं. त्यांनाच अटक झाली. खालच्या न्यायालयात दोन कप्तानांना शिक्षाही झाली. २०११ मध्ये अपिलात ते निर्दोष सुटले, पण त्यात चार वर्षं गेली. ३ ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे, म्हणजे त्या वर्षीच्या सणानंतर अकरा दिवसांनी, लिबियाहून आलेली एक बोट बेटाजवळ उलटली. ३६८ माणसं गेली, बहुतेक इरिट्रियाची. १५५ वाचली, त्यातल्या काहींना बेटावरच्याच लोकांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं होतं. लाम्पेदूसाच्या कब्रस्तानात अशा समुद्राने आणून टाकलेल्या माणसांच्या कबरी आहेत. त्यातल्या काहींची नावं कोणाला माहीत नाहीत, धर्मही माहीत नाही.

ज्या बेटावर शत्रूसाठी शिधा ठेवला जायचा, तिथेच माणसं वाचवणाऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. दरम्यान सण दरवर्षी होतोच आहे. सण टिकला म्हणजे परंपरा टिकली असं नसतं, हे मला या बेटाने शिकवलं.

म्हणून एक विनंती. आपल्याकडच्या उरुसात सगळ्या जातीधर्मांचे लोक येतात, हे आपण अभिमानाने सांगतो. जरूर सांगा. पण त्यासोबत एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ या. उरूस संपल्यावर तिथे एखादा अडलेला, अनोळखी माणूस आला, तर त्याच्यासाठी काय ठेवलेलं असतं? आणि ते देताना त्याचं नाव विचारलं जातं का?