दिवस गेले म्हणून गोळी बंद करू नका

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्याकडे सुनेला दिवस गेले की घरात पहिली सूचना ठरलेली असते: आता गोळ्याबिळ्या काही घ्यायच्या नाहीत. सासूबाई सांगतात, आई फोनवरून सांगते, शेजारच्या काकू सांगतात. सांगण्यात माया असते, यात शंका नाही. पण स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना या मायेपोटी झालेलं नुकसान मी वारंवार पाहिलं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गरोदरपणात नवं औषध घेणं हा जसा एक निर्णय आहे, तसाच चालू असलेलं औषध थांबवणं हाही निर्णयच आहे. त्याचेही परिणाम होतात, आणि ते आईला आणि बाळाला दोघांनाही भोगावे लागतात.

फिट येण्याचा आजार घ्या. माझ्याकडे आलेली एक मुलगी, पंचविशीतली. लग्नाआधीपासून गोळ्या चालू, आणि त्या गोळ्यांवर कित्येक वर्षांत एकही झटका आलेला नव्हता. सासरी आजार सांगितलेला नव्हता. गोळ्या पर्समधल्या पावडरच्या डब्यात लपवलेल्या. दिवस गेल्यावर तिने त्या स्वतःच बंद केल्या. विचारणार कोणाला? पाचव्या महिन्यात न्हाणीघरात झटका आला, नळाच्या कडेवर कपाळ आपटलं. मोठ्या झटक्यात आईचा श्वास अडखळतो आणि बाळाला मिळणारा प्राणवायू कमी पडतो, शिवाय पडण्याचा मार वेगळा. तिचं बाळ सुखरूप जन्मलं, पण ते त्या दिवशी आम्हा कोणाच्याच हातात नव्हतं. मुलींच्या आईवडिलांनो, आजार लपवून लग्न लावता तेव्हा तिचं औषधही लपवायला लावता, हे कृपा करून ध्यानात घ्या.

याच आजाराची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. फिटच्या गोळ्यांपैकी सोडियम व्हॅलप्रोएट हे गर्भासाठी खरोखर घातक औषध आहे. ते घेणाऱ्या मातांच्या शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं, आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. कोणतंही औषध न घेणाऱ्या मातांच्याही शंभरातल्या दोन-तीन बाळांत व्यंग असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे दहा या आकड्याचा अर्थ कळतो. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅम या गोळ्यांचा धोका याहून बराच कमी आहे. म्हणजे गोळी बदलता येते. पण ती बदलायला काही महिने लागतात, आणि म्हणून ते काम दिवस जाण्याआधी व्हायला हवं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर स्त्रियांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. आपल्याच देशातल्या बायकांची अशी माहिती हाताशी असणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

गरोदरपणातल्या औषधांची ही भीती आली कुठून? तिच्या मुळाशी एक खरी शोकांतिका आहे. पश्चिम जर्मनीत ग्रुनेन्थाल कंपनीने ऑक्टोबर १९५७मध्ये थॅलिडोमाइड बाजारात आणलं. झोपेसाठी, आणि पुढे गरोदर स्त्रियांच्या मळमळीसाठीही. चिठ्ठीशिवाय मिळायचं, अगदी निर्धोक म्हणून जाहिरात व्हायची. नोव्हेंबर १९६१अखेर ते मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातपाय आखूड किंवा नसलेली अशी जन्मली होती. जर्मनीत विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी हा संबंध ओळखला. अमेरिकेत मात्र हे औषध सर्रास विक्रीला आलंच नाही, कारण औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झालेल्या फ्रान्सेस केल्सी यांनी परवानगी अडवून धरली. कंपनी तगादा लावत होती आणि केल्सीबाई पुन्हा पुन्हा पुरावा मागत होत्या: हे औषध खरंच सुरक्षित आहे ते दाखवा. १९६२मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचा गौरव केला. या बाईंबद्दल मला अपार आदर आहे.

केल्सींनी मागितला होता पुरावा. जगाने त्यातून धडा घेतला तो असा, की गर्भवतींना औषधांच्या चाचण्यांपासून दूरच ठेवायचं. मग पुरावा गोळा होणार कसा? आजही बहुतेक औषधांच्या माहितीपत्रकावर ‘गरोदरपणात सुरक्षितता सिद्ध झालेली नाही’ असं छापलेलं असतं. ते वाचून बाई घाबरते, मेडिकलवाला घाबरतो, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरही घाबरतो. ‘तपासून पाहिलेलं नाही’ एवढाच त्या ओळीचा अर्थ असतो. कोविडच्या वेळी आपण हेच भोगलं. लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं. गर्भवतींना लस घ्यायची मुभा मिळाली २ जुलैला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. चाचण्यांत गर्भवती नव्हत्या, म्हणून लस नाही, आणि लस नाही म्हणून त्या बायका उघड्यावर. सावधगिरीचीही किंमत मोजावी लागते, ती अशी.

आता काळाविषयी. गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती नळी मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पहिली तपासणी पुष्कळदा होते तिसऱ्या महिन्यात. ही नळी नीट मिटायला मदत करणारी फॉलिक अॅसिडची गोळी तेव्हा सुरू केली तर रक्तासाठी ती उपयोगी आहेच, पण त्या नळीसाठी उशीर झालेला असतो. आधीचं बाळ ही नळी नीट न मिटल्याने व्यंग घेऊन जन्मलं अशा मातांवर ब्रिटनच्या पुढाकाराने मोठा अभ्यास झाला. दिवस जाण्याआधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं तर तसं व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे त्यातून १९९१मध्ये सिद्ध झालं.

आणि या गोळीचं मूळ आपल्या मुंबईत आहे, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. १९२८मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, काही दगावत. विल्सबाईंनी त्यांच्या ताटात काय पडतं ते बघितलं, परळच्या हाफकिन संस्थेत प्राण्यांवर प्रयोग केले, आणि मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने हा पांडुरोग बरा होतो असं दाखवून १९३१मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक अॅसिड. आज आशाताई घरी आणून देतात ती लोहाची लाल गोळी, तिच्यातही ते आहे. ती गोळी डब्यात पडून राहते, ‘बाळ काळं होतं’ म्हणून घेतली जात नाही. बाळाच्या रंगाचा त्या गोळीशी काहीही संबंध नाही.

जी औषधं खरोखर टाळायची, ती पुष्कळदा कोणी औषध म्हणून मोजतच नाही. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी: विसाव्या आठवड्यानंतर तिने बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी पोटातच आकसू शकते. तापाला, दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही गरजेपुरतं आणि विचारून. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन गर्भाला अत्यंत घातक. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या बदलून लॅबेटलॉल किंवा निफेडिपिन द्यावं लागतं. थायरॉइडची कमतरता भरून काढणारी गोळी तर थांबवायची नाहीच, उलट तिची मात्रा बहुधा वाढवावी लागते. दम्याचा पंप चालू ठेवायचा. क्षयाचे नेहमीचे उपचार चालू ठेवायचे. आणि ‘मुलगा होण्याचं औषध’ म्हणून गुपचूप दिली जाणारी पुडी कोणी पुढे केली, तर ती सरळ नाकारायची. तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेलं असतं.

बाळंतपणानंतर भीतीचं रूप बदलतं. बाळंतिणीला ताप आला, अँटिबायोटिक सुरू झालं, की घरचे म्हणतात, आता अंगावर पाजू नको, औषध दुधात उतरेल. उतरतं, खरं आहे. प्रश्न किती उतरतं हा आहे. बाळाला दुधातून मिळणारी मात्रा, वजनाच्या हिशेबाने, आईच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर ते औषध बहुधा चालतं, आणि रोजच्या वापरातली बरीचशी औषधं या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अगदी तान्हं असेल तर जास्त जपायचं. छातीत दूध दाटून गाठ झाली, ठणका लागला, तर योग्य अँटिबायोटिक घेत पाजत राहणं हाच उपचाराचा भाग आहे; पाजणं एकदम थांबवलं तर तिथे पू होण्याची भीती वाढते. कर्करोगाची औषधं आणि किरणोत्सारी आयोडीन यांच्यासाठी मात्र पाजणं थांबवावं लागतं. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकं बाळंतिणीला देऊ नयेत. बाळाला गुंगी येऊन त्याचा श्वास मंदावू शकतो.

बाळंतपणानंतर जिचं मन खचतं, जिला झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, तिच्याबद्दल विशेष कळकळीने सांगते. ‘दूध पाजतेस ना, मग मनाच्या गोळ्या नकोत’ असं तिला सांगू नका. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात अत्यल्प उतरतं. उपचार न झालेलं नैराश्य मात्र आईच्या जिवावर बेतू शकतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी ओटी भरून निघते, आणि फाइल राहते सासरच्या कपाटात. माहेरच्या डॉक्टरांना ती सांगते, ‘एक पांढरी गोळी चालू आहे, छोटी.’ त्या वर्णनाच्या शेकडो गोळ्या आहेत. तेव्हा घरातल्या सगळ्यांना, विशेषतः नवरेमंडळींना, माझी विनंती आहे. मूल हवं असं तुमचं ठरेल, त्याच महिन्यात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णं एका पिशवीत भरा आणि बायकोबरोबर डॉक्टरांकडे या. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलंही आणा, वैद्यांनी दिलेलंही आणा, काही लपवू नका. आणि तोवर चालू असलेली एकही गोळी आपल्या मनाने थांबवू नका.