परचुरे कुटी : एका माणसासाठी बांधलेलं घर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय माझ्यावर सोडला, म्हणून मी माझ्या धंद्याचाच घेतला. आयुष्यभर इमारतींची मोजमापं घेतली, बिलं तपासली. पण आज बोलणार आहे ते एका मातीच्या घराबद्दल.

आपल्यापैकी बरेच जण सेवाग्रामला जाऊन आले आहेत. आदिनिवास पाहिला, बा कुटी पाहिली, बापू कुटीत जमिनीवर बसून फोटो काढले. परचुरे कुटीपुढे मात्र माणसं अर्धा मिनिटही थांबत नाहीत. पाटी वाचतात आणि पुढे जातात.

परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. स्वातंत्र्याच्या लढ्यात येरवड्याच्या तुरुंगात गेले, गांधीजीही तेव्हा तिथेच होते. शास्त्रीबुवांना महारोग होता. त्या काळी त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. कडू कवठीचं तेल टोचायचे, बाकी नशीब. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले, राहू द्या म्हणाले. आश्रमात बायका-मुलं होती, लोकांच्या मनात भीती होती. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, त्यांच्यासाठी कुटी उभी केली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली. तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल.

आपल्याकडे धर्मशाळा काही कमी नाहीत. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिकला बांधल्या, त्यांत लाखो लोक राहून गेले. पण धर्मशाळेत माणूस चार दिवस राहतो. ज्याला घरानं, गावानं बाहेर काढलं, त्यानं कायमचं कुठं राहायचं? त्याला हक्काचं दार हवं असतं. माझ्या आजीच्या आत्याला हाच रोग होता. तिला गोठ्याच्या पडवीत ठेवलं होतं, जेवण लांबून सरकवायचे. आजी हे सांगताना आवाज खाली करायची. आपल्या भागात असं कोणाच्या घरी घडलं नाही? पूर्व विदर्भात हा रोग आपल्याला परका नाही.

आता घराकडे येतो. सेवाग्रामच्या कुट्या बांधताना गांधीजींचा आग्रह असा की खर्च कमीत कमी, माल आजूबाजूचा आणि कारागीर गावचे. मीराबेननी सुरुवातीचं काम पाहिलं. माती, लाकूड, बांबू आणि वर कवेलू. म्हणजे आपल्या कुहीतलं जुनं घरच. फरक एवढाच की आपण ते पाडलं आणि त्यांनी राखलं.

मातीची जाड भिंत दुपारची ऊन आत यायला उशीर लावते, तोवर संध्याकाळ होते. कवेलूंच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. वर्ध्याचा पारा सेहेचाळीसवर जातो, तेव्हा स्लॅबच्या खोलीत आणि त्या कुटीत बसून पाहा, मला सांगावं लागणार नाही. मातीच्या भिंतीचा खरा वैरी पाणी. म्हणून वळचण खाली आणि पुढे आणलेली असते, जोतं उंच असतं. हे गणित कोणा इंजिनिअरनं शोधलं नाही, आपल्या वाडवडिलांनी पावसाळे सोसून शिकलं.

अशा घराचं जतन हे वेगळंच प्रकरण आहे. दगडी किल्ल्याला कुंपण घातलं, पाटी लावली, की दहा वर्षं बघायला नको. इथं दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात. माकडं ती फोडतात. लाकडाला वाळवी लागते. जमीन सारवावी लागते. मातीच्या भिंतीला कोणी प्रेमानं सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आत अडकते आणि भिंत आतून सडते. म्हणजे कुटी टिकवायची तर ती सतत थोडी थोडी नव्यानं बांधत राहावी लागते. सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान हे काम करतं आहे. आणि कवेलू फेरणारे हात तरी आता कुठं मिळतात! आपल्या तालुक्यात शोधून दाखवा.

या कुटीचं मी आंधळं कौतुक करत नाही. एका पंडिताला कुटी मिळाली, पण हजारो रोगी रस्त्यावरच होते. त्याचं उत्तर कुटीत नव्हतं, ते वर्ध्याजवळच्या दत्तपूरला होतं. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्येच तिथं कुष्ठधाम सुरू केलं होतं. शास्त्रीबुवाही शेवटी दत्तपूरलाच गेले. तिथं रोग्यांना शेती मिळाली, काम मिळालं. पुढं १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला संस्था काढली, ते आनंदवन साऱ्यांना माहीत आहे. आज सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो. घराबाहेर काढण्याची रीत मात्र गोळ्यांनी जात नाही.

आता आपल्या बॅचच्या निधीविषयी. गेल्या मेळाव्यापासून चर्चा आहे की ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत, अशा इथल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी काहीतरी बांधायचं. दोन मजली हॉल, वर नावाची मोठी पाटी, असा एक आराखडा फिरतो आहे. माझा त्याला विरोध आहे, आणि तो इथं सर्वांसमोर बोलतो. वीस खाटांचा हॉल म्हणजे दवाखाना झाला. गोसीखुर्दच्या पुनर्वसनात माझ्या मामाचं गाव उठलं. मामीला नवीन घर पक्कं मिळालं, पण ओसरी नव्हती. शेवटपर्यंत ती उन्हात दाराबाहेर खाट टाकून बसायची, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला दुसरी जागाच नव्हती.

म्हणून मी सहा खोल्यांचं नकाशापत्र काढून आणलं आहे. प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार, पुढं सलग ओसरी, एकही पायरी चढायची नाही, संडास खोलीला लागून. भिंती विटांच्या, छप्पर उताराचं आणि वळचण चांगली तीन फूट पुढं. माती वापरा असं मी म्हणत नाही, दरवर्षी सारवायला कोण येणार? खर्चाचा अंदाज मागच्या पानावर लिहिला आहे, त्यात पाटीचा खर्च धरलेला नाही. जेवणानंतर वर्गाच्या व्हरांड्यात मी नकाशा पसरून बसतो. बाई, तुम्ही आधी बघा. तुमच्या गुडघ्यांना जे जमेल, तेच आपण बांधू.