परीक्षक कोण?



कॉलेजच्या बक्षीस समारंभाला पत्रकाराला बोलावलंत, तर पुरस्कारांवरच बोलतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केलं. तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. तो जवळ आला की आमच्याकडे शाली आणि सन्मानचिन्हं यांना तेजी येते.

पुढाऱ्याशी वाकडं घेतलेल्या तालुक्याच्या वार्ताहराला पुरस्काराचा आधार होतो, हे खरं. पण काहींचं उलटंच होतं. काल बातमी देणारा माणूस आज समाजाला दिशा द्यायला निघतो. मग पाणीटंचाईची बातमी त्याला किरकोळ वाटते आणि लिहिताना डोळ्यांपुढे वाचकाऐवजी परीक्षक बसतात.

१९८० साली अमेरिकेतल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये जेनेट कुक हिने हेरॉइनच्या विळख्यातल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहिली. पोलिसांनी शहर पालथं घातलं, मुलगा सापडला नाही. कार्यालयातही कुजबुज होती. तरी वरिष्ठांनी ती बातमी पुलित्झर पुरस्कारासाठी पाठवली आणि एप्रिल १९८१ मध्ये कुकला तो जाहीर झाला! त्यानिमित्त छापलेल्या तिच्या परिचयातल्या पदव्या खोट्या निघाल्या, चौकशी झाली आणि तो मुलगाच नव्हता हे उघड झालं. पुरस्कार परत गेला. सगळे तिलाच नावं ठेवतात. मला पाठवणाऱ्यांचा मोह जास्त गंभीर वाटतो.

आपल्याकडचे पत्रकार पी. साईनाथ बघा. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. २००७ चा मॅगसेसे पुरस्कार घेतला. २००९ मध्ये पद्मभूषण मात्र नाकारलं. ज्या सरकारच्या कारभारावर लिहायचं, त्याच्याकडून पत्रकाराने पुरस्कार घेऊ नये, ही त्यांची भूमिका. पत्रकार निखिल चक्रवर्तींनीही १९९० मध्ये पद्मभूषण असंच नाकारलं होतं. पुरस्काराचं या दोघांना वावडं नव्हतं. देणारा कोण, एवढं ते बघत होते.

तुमची भित्तिपत्रकं मघाशी वाचली. हवामान बदल आहे, चांद्रयान आहे, अक्षरही सुरेख. वसतिगृहाच्या मेसबद्दल एक ओळ नाही. भित्तिपत्रक स्पर्धेचे परीक्षक स्वतः प्राचार्य सर आहेत, असं कळलं. सर, रागावू नका, पण पुढच्या वर्षी परीक्षक बाहेरचा बोलवा.