पत्र्याचे कोठार : काटकसर कोठे, खर्च कोठे



हिंगोली जिल्ह्याच्या शेतीत हळदीचे स्थान मोठे आहे. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले व तिच्या लौकिकावर शिक्कामोर्तब झाले. तथापि हळद जमिनीतून निघाली म्हणजे पीक हाती आले, असे होत नाही. ती शिजवावी लागते, उन्हात वाळवावी लागते, ढोलात घालून तिला चकाकी आणावी लागते. ही कामे ऐन उन्हाळ्यात येतात, आणि वळवाचा पाऊसही त्याच सुमारास येतो. वाळलेली हळद भिजली की रंग उतरतो, बुरशी धरते आणि भाव पडतो. म्हणूनच हळद, सोयाबीन, ट्रॅक्टर व अवजारे एकाच छपराखाली राहतील असे पत्र्याचे प्रशस्त कोठार ही शेतकऱ्याची गरज झाली आहे.

सारे काम गुत्तेदाराकडे सोपविणे प्रत्येकाला परवडत नाही. घरची माणसे, गावातील वेल्डिंगवाला आणि एखादा जाणता मिस्त्री यांच्या बळावर असे कोठार उभे राहू शकते. मात्र काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा विवेक आधी हवा.

पत्र्याचे सामर्थ्य त्याच्या पन्हाळीत असते. लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली अशा नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा स्वतःच्या भारानेही वाकतो. त्यालाच पन्हाळी पाडल्या की तो दोन आधारांमधले अंतर सहज पेलतो. पत्रा हलका, म्हणून खांब बारीक आणि खर्च कमी. परंतु हाच हलकेपणा वाऱ्यापुढे उणा ठरतो.

उदाहरणादाखल ३० फूट रुंद व ५० फूट लांब कोठार घेऊ. छपराचे क्षेत्र सुमारे १४० चौरस मीटर आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचे वजन सुमारे ७०० किलो भरते. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात औरंगाबादसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, तर नागपूरसाठी ४४ मीटर दिला आहे. हिंगोली या दोन शहरांच्या दरम्यान येते. यांपैकी कमी वेग धरला तरी दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो दाब होतो. संपूर्ण छपरावर तो जवळजवळ १३ टन होतो. छपराचा उतार व बाजूंची उघडझाप यांनुसार हा आकडा कमी-अधिक होईल. परंतु ७०० किलोंच्या छपराला उचलू पाहणारे बळ किती मोठे असू शकते, हे यावरून ध्यानी यावे. पत्र्यावर दगड ठेवण्याची जुनी रीत येथे अपुरी पडते. उलट वादळात तेच दगड माणसांच्या अंगावर येतात. तीन बाजू बंद व एक उघडी असलेल्या कोठारात तर वारा आत शिरून छत्रीप्रमाणे छपर वर ढकलतो.

हे बळ पत्र्यातून आडव्या नळ्यांत, नळ्यांतून कैचीत, कैचीतून खांबात व खांबातून पायात उतरते. या साखळीतील एक कडी कच्ची राहिली तरी सारे व्यर्थ. १२ खांब धरल्यास प्रत्येकी सरासरी १ टनाहून अधिक ताण येतो. मधल्या खांबांवर त्याहूनही जास्त. अडीच फूट लांब, रुंद व खोल असा काँक्रीटचा ठोकळा जेमतेम १ टनाचा भरतो. म्हणजे हातभर खड्ड्यात नळी रोवून वर थोडा माल ओतणे म्हणजे वादळाला आमंत्रणच होय.

दुसरा प्रश्न मातीचा. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते व भेगाळते. तिच्यावरच टेकलेला पाया हलतो, खांब कलतात, पत्र्यांचे सांधे उघडतात. म्हणून काळी माती ओलांडून कठीण मुरूम लागेपर्यंत खोदणे अगत्याचे आहे.

मग बचत कोठे करावी? खोदाई, मुरमाची भर व रंगकाम घरच्यांनी करावे. लोखंड वजनावर विकले जाते. तेव्हा मोजमापे आधी कागदावर ठरवून तेवढेच आणावे. उताराच्या पूर्ण लांबीचे पत्रे मागविले तर मधला सांधा व गळती दोन्ही टळतात. जुन्या नळ्या आतून गंजलेल्या नाहीत हे पाहून घेण्यास हरकत नाही. बाजूच्या भिंती पुढील हंगामात बांधता येतील. मात्र त्या नसतानाचा वाराही हिशेबात धरावा. पाया, तिरपे ताण, बोल्ट आणि रबरी वायसर यांत मात्र पैसा वाचवू नये. पत्र्याच्या कडेला व आढ्यापाशी वाऱ्याची ओढ सर्वाधिक असते, म्हणून तेथे बोल्ट अधिक जवळ घ्यावेत. नकाशा व पायाचा हिशेब स्थापत्य अभियंत्याकडून एकदा तपासून घ्यावा; उडालेल्या छपराच्या मानाने त्याचे शुल्क नगण्य असते.

ग्रामपंचायतीचे सभागृह असो वा शाळेच्या व्हरांड्याचे छपर, नियम हाच लागू पडतो. मृगापूर्वी शिडी लावून प्रत्येक बोल्ट आवळून पाहणे, तडकलेले वायसर बदलणे व खांबाच्या बुंध्याशी धरलेला गंज खरवडून रंग देणे, एवढे काम ग्रामपंचायत सदस्यांनी व मुख्याध्यापकांनी दरवर्षी करवून घेतले, तर छपराखालची मुले आणि कोठारातील हळद दोन्ही सुरक्षित राहतील.