सरासरीचे ताट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाला बोलायला या, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझी उभी हयात आकडेमोडीत गेली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी हिशेबनीस होते. पाहणीचे तक्ते करायचे, हाताने फिरवायच्या यंत्रावर बेरजा-गुणाकार करायचे, हे माझे काम. त्यात ऐकण्यासारखे काय असणार? पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही माणसे काय खातात त्याचेच हिशेब करीत होतात ना? मग तेच सांगा. स्वयंपाकघर आम्हालाही कळते." तेव्हा उपाशी विठोबाच्या शेजारात राहणारी बाई आज आपल्यापुढे खाण्याविषयी बोलायला उभी आहे, हे गोड मानून घ्यावे.

माणूस बाजारात गेला की अमुकच का घेतो, याचे शास्त्र आहे आणि त्याचे गणितही आहे. त्याची सुरुवात साधीच आहे. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली बेल्जममधल्या मजूर कुटुंबांचे खर्च ताडून पाहिले. त्याला दिसले की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा. उत्पन्न वाढले की अन्नावरचा खर्चही वाढतो, पण उत्पन्नाच्या मानाने कमी वाढतो. आपल्या आजीलाही हे ठाऊक होते. फरक इतकाच की एंगेलने ते मोजून दाखवले. आपल्या देशात राष्ट्रीय नमुना पाहणी 1950 साली सुरू झाली आणि घरोघरी जाऊन खर्चाची विचारपूस होऊ लागली. 2022-23 सालच्या पाहणीत अन्नाचा हिस्सा खेड्यांत सुमारे 46 टक्के आणि शहरांत सुमारे 39 टक्के निघाला. त्यातही शहरी कुटुंबाचा दहा टक्क्यांहून अधिक खर्च पेये, फराळाचे जिन्नस आणि तयार पदार्थ यांवर होतो; सगळ्या धान्यावर मिळून होतो त्याच्या दुपटीहून जास्त. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी एक फेरी मारली की हा आकडा डोळ्यांना दिसतो.

आपल्याच महाराष्ट्राची एक हकीकत सांगते. 1983 सालच्या पाहणीतली ग्रामीण महाराष्ट्राची पाच हजारांहून अधिक कुटुंबे घेऊन शंकर सुब्रमण्यन आणि अँगस डीटन या दोघांनी एक अभ्यास केला. तो 1996 साली प्रसिद्ध झाला. डीटन यांना पुढे 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा प्रश्न असा: गरिबाच्या हाती थोडे अधिक पैसे आले तर तो अधिक खातो का? उत्तर विचार करायला लावणारे आहे. खर्चायला शंभराचे एकशे दहा झाले, तर अन्नावरचा खर्च साधारण साडेसात टक्क्यांनी वाढतो. पण पोटात जाणारे उष्मांक वाढतात तीन ते पाच टक्केच. बाकीचे पैसे जातात कुठे? ज्वारीच्या जागी गहू येतो, तांदूळ येतो. साखर येते, तेल येते, दूध येते. म्हणजे माणूस पोटाबरोबर जिभेचाही हिशेब ठेवतो. भाकरीवरून पोळीवर आलेल्या घरांतल्या आपण लेकीसुना. आपल्याला हे पुस्तकातून कशाला शिकायला हवे?

आता याच्या उलटा प्रश्न. सगळी पोषणद्रव्ये पुरेशी मिळतील आणि खर्च सर्वांत कमी येईल असा आहार गणिताने काढता येईल का? अमेरिकेत जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने हे करून पाहिले. 77 खाद्यपदार्थ आणि 9 पोषणद्रव्ये घेऊन, अंदाजाने पण हुशारीने, त्याने 1939 च्या भावांनी वर्षाला 39 डॉलर 93 सेंट असा खर्च काढला. त्याचा लेख 1945 चा. पुढे 1947 साली जॉर्ज डांट्झिग या गणितज्ञाने अशा प्रश्नांची एक नवी रीत शोधली आणि ती याच आहाराच्या प्रश्नावर पारखून पाहण्यात आली. नऊ कारकून हातयंत्रांवर बसले आणि सगळे मिळून सुमारे 120 दिवसांचे काम झाले. उत्तर आले 39 डॉलर 69 सेंट. इतक्या खटाटोपाने वाचले 24 सेंट! ऐकायला हसू येते. पण तसल्या यंत्राची मूठ मी फिरवलेली आहे. त्या नऊ जणांची मनगटे कशी दुखली असतील ते मला कळते.

याच डांट्झिगसाहेबांची पुढची गंमत खुद्द त्यांनीच लिहून ठेवली आहे. त्यांना वजन उतरवायचे होते. म्हणून त्यांनी आपल्या गणकयंत्राला सांगितले, उष्मांक कमी असावेत पण पोट भरल्यासारखे वाटावे, असा आहार दे. यंत्राने पाचशे गॅलन सिरका प्यायला सांगितला! सिरका यादीतून काढला, तर मांसाचा अर्क आटवून करतात त्या दोनशे वड्या रोज खा म्हणाले. त्यांनी चार वड्या गरम पाण्यात विरघळवून पाहिल्या, तर तोंडात धरवेना, इतके खारट. अखेर त्यांच्या पत्नीने, अ‍ॅनबाईंनी, स्वतःच्या विचाराने त्यांचे पथ्य ठरवले, आणि तेव्हा कुठे वजन उतरले.

यावर गणिताला हसणे सोपे आहे; मी हसणार नाही. यंत्र चुकले नव्हते. 'एका माणसाला दिवसाला इतक्याहून अधिक चालणार नाही', ही मर्यादा त्याला कुणी सांगितलीच नव्हती. कोणाला काय किती चालते, मेथी लागोपाठ किती दिवस खपते, कोणत्या मुलाला शेपू पाहताच भूक नसते, या मर्यादा स्वयंपाक करणारीच्या डोक्यात असतात. त्या लिहून दिल्या, तर यंत्र बिचारे त्या पाळायला तयार असते.

आता जे सांगायला मी खरोखर आले आहे, ते सांगते.

मी 1970 साली लग्न होऊन या पेठेत आले. घरात नऊ माणसे: सासू-सासरे, आम्ही दोघे, धाकटे दीर व जाऊ, कॉलेजात शिकणारी नणंद, आणि शिक्षणासाठी राहिलेले दोन भाचे. सासूबाईंची वाणसामानाची वही अशी चोख की सरकारी तपासनिसाने पाहून शिकावे. 1971 साली आपल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या दोघांचे भारतातील दारिद्र्यावरचे काम प्रसिद्ध झाले. माणशी रोज सव्वादोन हजार उष्मांक मिळायला किमान किती खर्च लागतो, ते त्यांनी पाहणीच्या आकड्यांतून काढले होते: 1960-61 च्या भावांनी खेड्यात महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. तेवढेही ज्यांच्याजवळ नव्हते असे लोक खेड्यांत सुमारे 40 टक्के आणि शहरांत सुमारे 50 टक्के निघाले. आमच्या कचेरीत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. रेशनच्या रांगेत उभे राहून मिलो आणल्याचे आपल्यापैकी वडीलधाऱ्या बायकांना आठवत असेल. डाळी महागल्या. एका रविवारी मी सासूबाईंची वही घेऊन बसले आणि आपल्या घराचा हिशेब केला. धान्य, डाळ, तेल, साखर, दूध, सगळ्याचे उष्मांक मांडले, नवांनी भागले. आकडा सव्वादोन हजारांच्या वर गेला. दूध रोज दोन लिटर, म्हणजे माणशी चांगला पेलाभर. मी मोठ्या ऐटीने सर्वांना सांगितले, दुष्काळ असला तरी आपले घर रेषेच्या वर आहे. मामंजी प्रसन्न झाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या यंत्राला पंगत कळते का?" मला वाटले, थट्टा करताहेत.

दोन महिन्यांनी जाऊबाई मोरीत चक्कर येऊन पडली. तिला पाचवा महिना होता. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त फार कमी आहे. बाईला खायला घालता की नाही? सगळे घर खाली मान घालून उभे. मी तर गोंधळूनच गेले. माझा भागाकार मी तीनदा तपासला होता!

तेव्हा मी मसाल्याचा तराजू काढला आणि सात दिवस प्रत्येकाचे ताट वाढताना वाट्या मोजल्या, वजने लिहिली. कुणी हसले, कुणी रागावले. सातव्या दिवशी तक्ता पुरा झाला. दिरांच्या वाट्याला दिवसाला चार वाट्या आमटी, जाऊबाईच्या वाट्याला दीड, तीही वरचे पाणी. दूध पुरुषांना व मुलांना. आम्हा बायकांच्या पोटात गेले ते चहातून गेले तेवढेच. भाजी दुसऱ्या पंगतीला तळाची. नऊजणांची सरासरी उत्तम होती, पण त्या सरासरीचे ताट घरात कुणाच्याच पुढे नव्हते. काहींच्या पुढे त्याहून भरलेले होते आणि तिघींच्या पुढे त्याहून रिकामे. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. वाढणाऱ्या आम्हीच होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे वाचले आणि तो तक्ता पुन्हा आठवला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म 1911 चा. फर्ग्युसनमध्ये शिकले, जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यात येऊन राहिले. त्यांचे म्हणणे असे की एकाच निरोगी माणसाची भूकही रोज वरखाली होते. म्हणून सरासरीच्या रेषेखाली दिसला तो उपाशी, असे धरू नये. पोट बिघडलेले असेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून स्वच्छ पाणी हेही अन्नाइतकेच महत्त्वाचे, असाही त्यांचा आग्रह होता. दांडेकरांना त्यांचे रेषेविषयीचे म्हणणे पटले नाही. दोघांचा वाद बराच गाजला. एकाच शहरातली दोन मोठी माणसे; त्यांच्यात निवाडा देणारी मी कोण? पण सुखात्म्यांच्या कसोटीने मी माझा तक्ता पाहिला. ताटातला कमीजास्तपणा नुसता भुकेच्या लहरीचा असता, तर तळाचे नाव रोज बदलले असते. आज नणंद, उद्या भाचा, परवा मामंजी. आमच्या तक्त्यात सातही दिवस तळाशी त्याच दोन नावांची अदलाबदल होती: एक जाऊबाईचे, एक माझे.

आपण विचाराल, तिसरी कोण? सासूबाई. त्यांच्या नावापुढची ओळ माझ्या वहीत कोरी आहे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "माझं लिहू नकोस. मला लागतंच किती?" मी लिहिले नाही. तेव्हा ते मोठ्यांचा मान राखणे वाटले होते. आज वाटते, सबंध तक्त्यातला सर्वांत खरा आकडा तोच असता, आणि तो मी भिडेपायी सोडला. ही रुखरुख अजून गेलेली नाही.

तक्त्यावर घरात भाषणे झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी एक लहान पातेले घेतले, आमटी ढवळून तिघींच्या वाट्याची त्यात आधी काढली आणि वर झाकण ठेवले. जाऊबाईसाठी दुधाचा पेला बाजूला निघू लागला. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या होत्याच. वेळ भरून मुलगा झाला, सुखरूप झाला. वर्षभराने दोन पंगतींची एक झाली. मामंजींनीच म्हटले, सगळे एकदम बसा.

हे जुने म्हणून सोडून देऊ नका. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. खर्चाच्या पाहणीत पाहुणा प्रश्न विचारतो घराला. ताटात काय पडले ते त्याला दिसत नाही. आज आपल्या घरांत पंगती राहिल्या नाहीत, पण नव्या तऱ्हा आल्या आहेत. मुले परदेशी, आजी एकटी. एकटीसाठी कुकर काय लावायचा म्हणून चहा-खारीवर रात्र काढणारी या पेठेत शोधायला लांब जावे लागणार नाही. परीक्षांच्या अभ्यासासाठी गावाहून आलेल्या मुली महिन्याची खानावळ परवडावी म्हणून एक वेळ वडापाववर भागवतात. एके काळी याच पेठेतली घरे गरीब विद्यार्थ्यांना वार लावून जेवू घालीत. सात घरे, सात वार, आणि एका मुलाचा आठवडा भरे. आहाराचा प्रश्न आपल्या आज्यांनी असाही सोडवलेला आहे.

म्हणून माझी मंडळाला एकच विनंती. सात दिवस एक वही ठेवा. यंत्र नको, उष्मांकांचे कोष्टकही नको. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे वाट्या लिहा: वरण-आमटी, भाजी, दूध-ताक. स्वतःचे नाव विसरू नका. आणि शेजारी एकटी राहणारी कुणी असेल, तर तिलाही एक पान द्या. ती म्हणेल, माझे लिहू नका, मला लागतेच किती. तिचे अवश्य लिहा.

आता बाहेर फराळाच्या ताटल्या भरलेल्या दिसताहेत. आज वाढणाऱ्या भगिनींनी आपली ताटली आधी काढून ठेवावी, एवढे सांगून मी खाली बसते.